A हाच आरंभबिंदू मानू

जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेचे पेपर तपासताना मी एका मुलीचे तीन गुण कापले. उत्तर बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे मला कापतानाच कळलं होतं. हे मी त्या मुलीखेरीज आजवर कुणाला सरळ सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं तेही अर्धंच.

मी बोरिवलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला गणित शिकवतो. बरीच वर्षं झाली. आमच्याकडे पूर्वपरीक्षेची नमुना उत्तरं मीच लिहितो. कुठल्या ओळीला अर्धा गुण, कुठल्या ओळीला एक, हे त्यात ठरलेलं असतं. बाकीचे शिक्षक तोच कागद समोर ठेवून तपासतात. मीही तोच ठेवतो, जरी तो मीच लिहिलेला असला तरी.

प्रश्न नेहमीचाच होता. त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा एकाच बिंदूत मिळतात, हे व्हेक्टर वापरून सिद्ध करा. चार गुण. यात पोझिशन व्हेक्टर लागतात, म्हणजे मराठी पुस्तकातले स्थान सदिश. कल्पना साधी आहे. आधी एक बिंदू ठरवायचा आणि त्याला आरंभबिंदू म्हणायचं. मग बाकीचा प्रत्येक बिंदू तिथून किती लांब आणि कुठल्या दिशेला आहे, ते एका बाणाने सांगायचं. पुस्तकात हा आरंभबिंदू O असतो. तो त्रिकोणाच्या आत नसतो, बाजूवर नसतो, बऱ्याचदा आकृतीत काढलेलाही नसतो. कुठेतरी आहे असं धरायचं आणि पुढे जायचं. माझ्या नमुना उत्तराची पहिली ओळच ती होती: O हा आरंभबिंदू मानू. त्या ओळीला अर्धा गुण. पुढे दहा ओळी.

या मुलीने लिहिलं होतं: A हाच आरंभबिंदू मानू.

A म्हणजे त्रिकोणाचाच एक कोपरा. तिथे शून्य मांडल्यावर तीन अक्षरांऐवजी दोनच उरली, आणि तिचं उत्तर पाच ओळींत संपलं. मी ते दोनदा वाचलं. कुठे फट सापडते का पाहिलं. सापडली नाही. मग मी लाल पेनने पहिल्या ओळीखाली रेघ मारली, बाजूला 'रीत चुकीची' असं लिहिलं आणि चारपैकी एक गुण दिला.

का? सांगायला कारणं खूप आहेत. गठ्ठा मोठा होता. बोर्डाचा परीक्षक कसा असेल सांगता येत नाही, मुलांना सवय लागलेली बरी. पण खरं कारण त्या गठ्ठ्यात नव्हतं. इतकी वर्षं मी फळ्यावर अकरा ओळी लिहीत आलो, आणि ते पाच ओळींत होतं हे मला कधी सुचलं नव्हतं. सुचायचं सोडा, O नेमका कुठे आहे, हा प्रश्नसुद्धा मला कधी पडला नव्हता.

आमच्याकडे तपासलेले पेपर वर्गात दाखवायची पद्धत आहे. त्या दिवशी टेबलाभोवती झुंबड असते. "सर, इथे अर्धा द्या ना," "सर, ही स्टेप आहे बघा ना खाली," असं चाललेलं असतं. ती शेवटी आली. ही मनोरीची मुलगी. रोज सकाळी फेरीने खाडी ओलांडून मार्व्याला यायची, तिथून बस. मागच्या बाकावर बसायची आणि फारशी बोलायची नाही.

"सर, यात चुकलंय काय?"

"ओरिजिन."

"पण ओरिजिन कुठेही घेता येतो ना? तुम्हीच म्हणालेलात."

मी म्हणालो होतो. ऑगस्टमध्ये, व्हेक्टरच्या पहिल्याच तासाला, पुस्तकातलं वाक्य म्हणून.

"कुठेही म्हणजे O. तू A घेतलास. A तर आकृतीतला बिंदू आहे."

"मग काय झालं? A काय 'कुठेही'मधे येत नाही का?"

मागे कुणीतरी हसलं. मला वाटलं मला हसलं. आणि मी म्हणालो, "बोर्डाचा परीक्षक तुझ्या मनोरीतला मामा नाही गं, काहीही लिहिलंस तर चालवून घ्यायला."

आता सगळा वर्ग हसला. "झकास, सर!" असं एक जण ओरडला. मुलीने पेपरची घडी घातली. जाताना एवढंच म्हणाली, "ठीक आहे, सर. O घेईन."

त्याच आठवड्यात पालकसभा होती. तिचे वडील आले. माझ्याच वयाचे असतील. इस्त्रीचा शर्ट, आणि उन्हापाण्याने रापलेले हात, टेबलावर कुठे ठेवावेत हे न समजून त्यांनी ते मांडीवर ठेवले होते. मासेमारी करतात, स्वतःची छोटी होडी आहे. त्यांनी गुणपत्रिका पाहिलीसुद्धा नाही.

"सर, एकच इचारायचं हाय. पोरगी म्हणते बारावीनंतर गणितच घेऊन बीएस्सी करनार. आमच्यात कुनी केलं नाय. मला त्यातलं कळत नाय. तुमी सांगा, जमल तिला?"

त्या दिवशी या माणसाने माझ्यासमोर काय ठेवलं होतं, ते आता कळतं. मुलगी पुढे काय शिकणार ते त्याने माझ्या एका शब्दावर सोडलं होतं. 'जमेल' म्हणणं माझ्या जिभेवर होतं. पण मग ते तीन गुण? एका हाताने 'रीत चुकीची' लिहायचं आणि दुसऱ्या हाताने 'जमेल' म्हणायचं, हे मला जमेना. मी गुण बदलण्याऐवजी बोलणं बदललं.

"हुशार आहे," मी म्हणालो, "पण स्वतःचंच करते. सांगितलेली रीत सोडून देते. अशाने गणितात वाट लागते."

"स्वतःचं म्हंजे?"

मी कागद घेतला आणि त्यांना समजावून सांगितलं. त्रिकोण काढला. आम्ही शून्य बाहेर घेतो, हिने कोपऱ्यावर घेतलं. ते वाकून बघत राहिले. मग त्यांना हसू आलं.

"यात काय? आमी दर्यात तेच करतो की. तुमी या सर एकदा. दावतो तुमाला."

असं आमंत्रण पालक देतात, आपण 'हो हो, नक्की' म्हणतो आणि विसरतो. मी विसरलो नाही. समुद्रात शून्य कुठे घेतात, हे मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी निघालो तेव्हा बायको म्हणाली, "मनोरीला? एकटाच? काय आहे तिथे?" मी म्हणालो, एका पालकांनी बोलावलंय. ती म्हणाली, "मग येताना बोंबील तरी आण."

मार्व्याच्या धक्क्यावरून फेरी पाच-सात मिनिटांत पलीकडे नेते. मुलीचे वडील मनोरीच्या बाजूला उभेच होते. मुलगी कोचिंग क्लासला गेली होती, हे ऐकून मला बरं वाटलं. आम्ही त्यांच्या होडीतून खाडीच्या तोंडाबाहेर गेलो. किनारा मागे पडला तसं मला सगळं पाणी सारखंच दिसायला लागलं.

त्यांनी समजावलं ते असं. त्यांची जाळी समुद्रात एका ठरलेल्या जागी बांधलेली असतात. तळाशी खुंट रोवलेले. भरतीच्या वेळी वरून काहीही दिसत नाही. मग ती जागा सापडते कशी? किनाऱ्याकडे बघून. गोराईच्या बाजूला एक ताडाचं झाड होतं, आणि त्याच्या मागे लांब डोंगराला एक खाच. ते झाड खाचेत बसलं की आपण एका रेघेवर आलो. दुसऱ्या बाजूला मालाडकडचा एक उंच टॉवर आणि त्याच्या पुढची पाण्याची टाकी. टाकी टॉवरच्या बरोबर पुढे आली की दुसरी रेघ. दोन्ही रेघा जिथे कापतात तिथे खाली खुंट.

"आता मोबाइलवर पन दिसतं," ते म्हणाले. "मी दोनी बघतो. मोबाइल पडला पान्यात तर डोंगर थोडाच पडतो?"

मी विचारलं, "टॉवर तर रोज नवे उभे राहतात. खुणा चुकत नाहीत?"

ते इतके हसले की इंजिनावरचा हात सुटला. त्यांच्या एका चुलतभावाची गोष्ट निघाली. त्याची जुनी खूण एका नव्या इमारतीमागे गेली, म्हणून त्याने नवी धरली. छान, ठळक, पिवळी. इमारतीच्या माथ्यावरची क्रेन. महिनाभर जाळं बरोबर सापडलं. मग क्रेन फिरली. मग दुसऱ्या इमारतीवर गेली. हा गडी अख्खी सकाळ क्रेनच्या मागून दर्यात हिंडत राहिला, जाळं काही सापडेना. "अजून त्याला गावात इचारतात, काय रे, आज क्रेन कुठं चरायला सोडलीस?"

मीही हसलो. मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. "तुमचं शून्य कुठे असतं? मोजायला सुरुवात कुठून करता?"

त्यांना प्रश्न विचित्र वाटला असणार.

"आमी हाव तिथंच. दुसरं कुठं असनार? घरातून निघालो तर घर. तिकडच्या धक्क्यावरून निघालो तर धक्का. जाळं थोडंच त्यानं हलतं?"

हे मी बारावीच्या पोरांना दर वर्षी शिकवतो. आरंभबिंदू बदलला की प्रत्येक बिंदूचा स्थान सदिश बदलतो, पण दोन बिंदूंमधला बाण बदलत नाही. एकातून दुसरा वजा केला की आरंभबिंदू निघून जातो. हे मी सिद्ध करून दाखवतो, अधोरेखित करतो, आणि परीक्षेत विचारतो. पण होडीत बसल्यावर मला पहिल्यांदाच कुतूहल वाटलं की शून्य कुठे घ्यायचं हे माणूस ठरवतो कशावरून? कुठेही चालतं, हे खरं. मग तो माणूस जाळं शोधायला दादरहून का मोजत नाही? कारण त्याला जाळ्यापर्यंत जायचं आहे. मोजायला सोपं पडेल अशा जागी तो उभा राहतो. त्या मुलीनेही तेच केलं होतं. मी आपला O कुठेतरी कागदाबाहेर टांगून अकरा ओळी चालत होतो.

परतताना मी बोंबील घेतले. त्यांनी घासाघीस करू दिली नाही, दिलेलं पुडकं निमूट घ्यायला लावलं. धक्क्यावर म्हणाले, "मग काय सर, घेऊ दे ना तिला गणित?"

"बघू, बोर्डाचा निकाल येऊ दे," मी म्हणालो.

हे मला आजही टोचतं. वर्गातला अपमान रागाच्या भरात झाला, असं म्हणता तरी येईल. पण इथे राग नव्हता, गठ्ठा नव्हता, माझी चूक दाखवायला कुणी उभं नव्हतं. समोरच्या माणसाने अर्धा दिवस घालवून मला होडीत फिरवलं होतं. "तिचं उत्तर बरोबर होतं" एवढे चार शब्द. ते मी गिळले.

सोमवारी सांगू म्हटलं. सोमवारी ती आली नव्हती. मंगळवारी वर्ग भरलेला होता, सगळ्यांसमोर नको वाटलं. चारचौघांत तिचं हसं करताना मात्र मला सगळ्यांची अडचण झाली नव्हती. मग अभ्यासाची सुट्टी लागली. फोन नंबर रजिस्टरमध्ये होता. परीक्षेच्या तोंडावर पोरीला उगाच गोंधळात कशाला टाका, अशी मी स्वतःची समजूत घातली.

निकाल मे महिन्यात लागला. गणितात तिला बरे गुण होते, पण मला वाटले होते त्यापेक्षा कमी. मी मनात हिशेब केला. चार-पाच प्रश्न अजिबात सोडवले नसतील तरच एवढे येतात. कुठले? हे मला कळायलाच हवं होतं. काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर कुतूहल जास्त होतं, आणि त्याची मला लाजही वाटत होती. मी पुन्हा फेरीत बसलो.

ती घराच्या ओट्यावर बसली होती. मला बघून उठली. वडील आत होते, त्यांनी खुर्ची आणून दिली आणि पाणी आणायला गेले. मी पाणी येण्याच्या आतच बोललो, नाहीतर पुन्हा राहिलं असतं.

"पूर्वपरीक्षेतलं तुझं ते उत्तर बरोबर होतं. मला तेव्हाच माहीत होतं. मी मुद्दाम कापले. आणि वर्गात बोललो ते अगदी वाईट बोललो. माझं चुकलं."

ती म्हणाली, "मला माहीत होतं बरोबर आहे ते."

"मग बोर्डात काय लिहिलंस?"

"काहीच नाही. व्हेक्टरचा अख्खा धडा ऑप्शनला टाकला."

ऑप्शनला टाकणं म्हणजे काय, ते आमच्या पोरांना सांगावं लागत नाही. पेपरमध्ये पर्याय असतात, म्हणून नकोसा धडा वाचायचाच नाही. पोरं टाकतात ते किचकट धडे. हिने टाकला तो तिला सगळ्यात सोपा जाणारा.

"का गं?"

"O घेऊन लिहायला बसले की मला सारखं वाटायचं, हा O कुठे आहे? आणि A घेतला की वाटायचं, आता हे कापणार. दोन्हीकडून हात चालेना. मग म्हटलं, सोड ना यार." 'यार' माझ्यासमोर निघालं म्हणून तिने जीभ चावली.

"आणि कॉलेजचा फॉर्म?"

"भरला. गणितच घेतलंय." मग जरा जोरात, "तुम्ही पप्पांना काही बोललात म्हणून थांबले नाही हां मी. पप्पा नको म्हणत होते. मी भांडून भरला." आणि मग आवाज खाली आला. "पण पहिल्याच सेमिस्टरला व्हेक्टर आहेत. बघितलं मी सिलॅबसमध्ये. तेव्हा काय करायचं? तिथे ऑप्शनला कसं टाकू?"

मी म्हटलं, वही आण. आत्ताच बसू.

मी तिला पाठ्यपुस्तकाबाहेरचा प्रश्न दिला. एक त्रिकोण आहे. कुठेतरी एक बिंदू घ्यायचा. तिथून तिन्ही कोपऱ्यांपर्यंतची अंतरं मोजायची, प्रत्येकाचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. तो बिंदू कुठे ठेवला तर ही बेरीज सगळ्यात कमी येईल? तिने त्रिकोण काढला, A, B, C लिहिलं, पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, A ला ओरिजिन घेतला तर चालेल ना?"

मला वाटलं होतं, मी तिचे फक्त तीन गुण घेतले. जानेवारीत हीच मुलगी कुणालाही न विचारता A वर जाऊन उभी राहिली होती. माझं काय चुकलं ते मला त्या 'चालेल ना'मध्ये ऐकू आलं. मी 'हो' म्हणालो असतो तरी ते माझंच 'हो' झालं असतं. पुढच्या वेळी ते तिने दुसऱ्या कुणाकडे मागितलं असतं.

"तू बघ," मी म्हणालो.

"पण चालेल का?"

"मी नाही सांगणार."

ती तशीच, पेन वर धरून. मी तिथे होतो तोवर ती लिहिणार नव्हती, हे दिसत होतं. मी उठलो आणि तिच्या वडिलांना म्हटलं, चला, तुमची होडी दाखवा. त्यांनी होडी मला आधीच दाखवली होती. पण ते काही न विचारता चपला घालून निघाले. होडी वर ओढून ठेवली होती, पावसाळ्याआधी रंगवायला. ते तळाच्या फळ्या दाखवत होते, मी मान हलवत होतो आणि एक अक्षर ऐकत नव्हतो. ती लिहीत असेल का? की वही मिटून आत गेली असेल?

वीसेक मिनिटांनी आम्ही परतलो. एक अख्खं पान भरलं होतं आणि त्यावर आडवी काट मारली होती. पुढच्या पानावर चार ओळी होत्या. पहिली ओळ वाचून मी थांबलो. आरंभबिंदू O नव्हता, A पण नव्हता. तिने तो त्रिकोणाच्या पोटात घेतला होता, तिन्ही मध्यगा मिळतात त्या बिंदूवर. तिथे उभं राहिलं की तिन्ही कोपऱ्यांच्या बाणांची बेरीज शून्य होते, आणि मधली सगळी गुंतागुंत आपोआप गळून पडते. उत्तरही तोच बिंदू होता. मी हा प्रश्न A घेऊन सोडवला होता, तोही दीड पानात.

"हा बिंदू तुला आधी कसा कळला?" मी विचारलं. हे मला खरंच माहीत नव्हतं.

"आधी कुठे कळला?" तिने काट मारलेलं पान पुढे केलं. "A वरूनच चालले होते. सगळा घोळ होत होता, पण शेवटाला सारखा हाच बिंदू येत होता. मग म्हटलं, इतक्या लांबून कशाला बघायचं? तिथेच जाऊन बसले."

"आणि त्रिकोणाऐवजी चौकोन असेल तर?" मी विचारलं.

पान उलटून ती लिहायला लागली होती, आणि या वेळी तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही.